कारणाचा रकाना

जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता पिपरी मेघेतल्या आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर तासिका तत्त्वावरील शिक्षकांची नवी यादी लागली. यादीत अकरा नावे होती. रेखा थूल हे नाव त्यांत नव्हते. आधीची सलग नऊ वर्षे ते होते. नाव का वगळले, याचा खुलासा यादीवर नव्हता.

थूल मॅडमनी यादी वरून खालपर्यंत एकदा वाचली. मग त्या कार्यालयाच्या खिडकीशी गेल्या आणि नऊ वर्षांचे अनुभव प्रमाणपत्र मागितले. महाविद्यालयाच्या छापील नमुन्यात शेवटचा रकाना ‘सेवा समाप्तीचे कारण’ असा आहे. तोही भरून हवा, असे त्यांनी सांगितले. प्रमाणपत्राशिवाय दुसरीकडे कुठेही त्यांची नऊ वर्षे मोजली जाणार नव्हती. आणि तो रकाना रिकामा राहिला, तर मुलाखत घेणारा तो आपल्या मनाने भरतो.

आतून उत्तर आले, “उद्या या.”

“उद्या येते,” मॅडम म्हणाल्या. “पण आज काऊन नाई, ते सांगा.”

मी त्या महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस अहवाललेखन शिकवत असे. त्याआधी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. पुढे लिहिले आहे त्यातले बरेच मी स्वतः पाहिले. जे पाहिले नाही, ते ज्यांनी पाहिले त्यांना विचारून लिहिले आहे.

थूल मॅडम सर्व्हरच्या बाजूचे प्रोग्रामिंग शिकवत. आपण फोनवर परीक्षेचा निकाल पाहतो किंवा गाडीचे तिकीट काढतो, तेव्हा समोर दिसणारे पान ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला, कुठल्या तरी बंद खोलीत, एक संगणक आपली मागणी तपासतो आणि हो की नाही ते ठरवतो. त्या ठरवणाऱ्या संगणकासाठी, म्हणजे सर्व्हरसाठी, प्रोग्राम कसा लिहायचा, हा त्यांचा विषय. दिसणाऱ्या बाजूचे रंग, चित्रे, अक्षरे यांत त्यांना रस नव्हता. एका विद्यार्थिनीने पानावर हलणारी फुलपाखरे घातली, तेव्हा त्या म्हणाल्या, “छान आहेत. आता हे सांग, फुलपाखराच्या मागून कोणी खोटं नाव पाठवलं, तर काय करशील?”

त्या मूळच्या रोहण्याच्या. राहायला सिंदी मेघेत. तिथून रोज स्कूटीने येत. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. आवाज कधी चढवत नसत. शिकवायला सुरुवात प्रमाण मराठीत करत आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला रोहण्याच्या बोलीवर येत. कुठेही सही केली, की खाली तारखेबरोबर वेळही टाकत. रजेचा अर्ज असो की विद्यार्थ्याची वही. स्टाफरूममध्ये याची थट्टा होई. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते: “तारखेत चोवीस तास असतात. भांडण त्यातल्या एका तासाचं असते.”

त्यांच्या वर्गात पहिले तीन आठवडे संगणक बंद असत. प्रयोगशाळेच्या मधोमध त्यांनी जुन्या प्लायवूडचा आडोसा उभा करून घेतला होता. छातीच्या उंचीवर त्याला वीतभर रुंद फट होती. अलीकडे मुलांची रांग. पलीकडे एक खुर्ची आणि गुणांची वही. खुर्चीवर बसेल तो सर्व्हर. त्याला बाहेरचे दिसत नाही. फटीतून चिठ्ठी आली की वाचायची, वहीत पाहायचे, उत्तर लिहून परत सरकवायचे. सगळे याला खिडकी म्हणत.

मी हे पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी खुर्चीवर तुषार नावाचा विद्यार्थी होता. पल्लवी नावाच्या मुलीची चिठ्ठी आत गेली: ‘मी पल्लवी. माझे गुण द्या.’ गुण आले. थोड्या वेळाने तशीच दुसरी चिठ्ठी गेली. पुन्हा गुण आले. दुसरी चिठ्ठी मॅडमनी लिहिली होती.

“दुसऱ्या वेळी गुण कोणाले देल्ले?” मॅडमनी आडोशाच्या बाजूने डोकावून विचारले.

“पल्लवीले.”

“पाह्यली तिले?”

“नाई मॅडम. चिठ्ठीत लिहून होतं.”

“चिठ्ठीत तर मी प्राचार्य बी लिहीन. देशील साऱ्या कॉलेजचे गुण?”

रांगेतून कोणीतरी म्हणाले, “दिऊन टाकते थो, मॅडम. भोळा आहे.”

“सर्व्हर भोळा नसावा,” मॅडम म्हणाल्या. “खिडकीतून आलं, ते आधी खोटं धरायचं. माणूस खोटा नाई. चिठ्ठी खोटी. तपासली, की मग खरी.”

दुसऱ्या आठवड्यात नियम बदलत असे. दर चिठ्ठीला खुर्चीवरचा माणूस बदलायचा. नव्या माणसाला आधी काय झाले ते ठाऊक नसे. मुले वैतागत. एकच मुलगी पाच वेळा चिठ्ठी द्यायची आणि पाचही वेळा आतून ‘तुम्ही कोण?’ असे यायचे. सर्व्हरला आठवण नसते, दर वेळी तो नव्याने भेटतो, हे त्यांना असे शिकवायचे होते. मग ओळख टिकवायची कशी, हे मात्र त्या सांगत नसत. मुलांना सुचेपर्यंत थांबत. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी पल्लवीने सांगितले: सायकल स्टँडवर बिल्ला देतात तसा एक नंबर पहिल्या चिठ्ठीला द्यायचा, पुढच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत तो परत मागायचा. मॅडमनी फळ्यावर ‘बिल्ला’ असे लिहिले, खाली पल्लवीचे नाव आणि वेळ लिहिली. पुस्तकातला शब्द त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितला.

नकार कसा द्यायचा, यावर त्या पूर्ण आठवडा घालवत. अभ्यासक्रमात त्यासाठी एक तास होता.

तुषारच्या प्रोग्राममध्ये काही चुकले, की पडद्यावर यायचे: ‘काहीतरी चूक झाली आहे.’ मॅडमनी ते वाचले. दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या दाराशी आला, तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

“आत येता येणार नाही.”

“काऊन मॅडम?”

“काहीतरी चूक झाली आहे.”

“काय चूक झाली?”

“काहीतरी.”

तुषारने ओळखपत्र दाखवले. वही दाखवली. चपला काढून ठेवल्या. शर्ट खोचला. मॅडम दर वेळी तेच वाक्य म्हणत राहिल्या. पंधरा मिनिटांनी तो म्हणाला, “मॅडम, सांगसान त दुरुस्त करीन ना! असं त मानूस पागल होऊन जाईन.”

“जा, बस जागेवर,” मॅडम म्हणाल्या. “आन् ते वाक्य बदल.”

त्याच तासाला त्यांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली. माझ्या माहितीप्रमाणे वर्गात ती एकदाच सांगितली. दहावीनंतर पुढच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. वडील रोहण्याला शेतमजुरी करत. कार्यालयात जायचे म्हणून धुतलेला पांढरा शर्ट घालत. बाप-लेक बसने जात, खिडकीशी उभे राहत. आतला माणूस कागद चाळे आणि म्हणे, उद्या या. असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी मुलीने विचारले, आज का नाही? तो म्हणाला, आजोबांच्या शाळेचा उतारा जोडलेला नाही. तो उतारा पहिल्या दिवसापासून घरी पेटीत होता.

“बाबाचे पाच दिवस गेले,” मॅडमनी सांगितले. “त्या माणसाचं एक वाक्य बोलायचं वाचलं. नाई म्हणायचा अधिकार आहे सर्व्हरले. कारण लपवायचा नाई.” मग त्या फळ्याकडे वळल्या आणि पुढचा भाग सुरू केला. गोष्टीला दोन मिनिटे लागली होती.

विकत आणलेल्या प्रकल्पांशी त्यांचे वैर सर्वांना माहीत होते. शेवटच्या वर्षाला मुलांनी एक पूर्ण ॲप्लिकेशन करून दाखवायचे असते. ते तयारही मिळते. मॅडम आरडाओरडा करत नसत, वाचत. एका विद्यार्थ्याने ग्रंथालयाचे ॲप्लिकेशन आणले. मॅडमनी संपर्काचे पान उघडले.

“तू कुठला?”

“पुलगावचा, मॅडम.”

“मंग तुय ग्रंथालय कोइमतूरले काऊन?”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्रोग्राममधली एक ओळ पुसली आणि सांगितले, “ही परत लिहून दाखव. आठ दिवस देते.” तो आठव्या दिवशी आला. ओळ लिहिली होती. त्याने आधीचे सगळे टाकून पुलगावच्या वाचनालयाचे नवे, लहानसे ॲप्लिकेशनही केले होते. त्यात तीनच पाने होती. मॅडमनी त्याला सही दिली.

महाविद्यालयाची हजेरी ज्या ॲप्लिकेशनवर लागते, ते त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले आहे. लागोपाठ दोन वर्षांच्या वर्गांनी ते बांधले. त्यात एक गोष्ट मॅडमनी स्वतः घालून घेतली होती. एकदा लागलेली हजेरी बदलायची असेल, तर कारण लिहावे लागते. आणि कोणी, किती वाजता, कोणत्या कारणाने बदल केला, ते त्या वर्गातल्या प्रत्येकाला आपल्या फोनवर दिसते. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. कोणी ते वाचलेही नसावे.

मार्चमध्ये एका दुपारी विभागप्रमुख राऊत सर स्टाफरूममध्ये आले. मॅडम डबा खात होत्या. मी शेजारच्या टेबलावर होतो.

“मॅडम, तो कारणाचा रकाना जरा ऐच्छिक करून टाका.”

“काऊन सर?”

“अहो, सोय म्हणून.”

“कोणाची?”

राऊत सर खुर्ची ओढून बसले. संस्थेच्या सचिवांचा भाचा शेवटच्या वर्षात होता. त्याची हजेरी एकसष्ट टक्के होती. पंचाहत्तरच्या खाली परीक्षेचा अर्ज जात नाही. “एका पोराच्या वर्षाचा प्रश्न आहे,” राऊत सर म्हणाले.

“पंचाहत्तरच्या खाली आणखी सात जण आहेत सर. त्यायचं बी करायचं का?”

“त्यांचा इथे काय संबंध?”

“मी बी तेच म्हणून राह्यली.”

राऊत सर उठले. “जुलैत नेमणुका आहेत. एवढं लक्षात ठेवा.”

“दर जुलैत असतात,” मॅडम म्हणाल्या आणि डब्याचे झाकण लावले.

राऊत सरांनी मग तुषारला बोलावले. ॲप्लिकेशन बांधणाऱ्यांत तो होता, त्या वर्षी शेवटच्या वर्षात होता आणि त्याचे अंतर्गत गुण सरांच्या हातात होते. रकान्याशेजारी एक लाल तारा होता. तो असेपर्यंत पान पुढे जात नसे. तुषारने अर्ध्या तासात तारा काढला. पान रिकाम्या रकान्यासह पुढे जाऊ लागले. सर म्हणाले, झाले का? तुषार म्हणाला, झाले.

नंतर मी तुषारला विचारले, पानाने सोडले तरी आत सर्व्हर कारण मागेल, हे तुला ठाऊक नव्हते का?

“तीन आठवडे त्या खुर्चीवर बसलतो सर,” तो म्हणाला. “मले मालूम नसन काय?”

हजेरी बदलण्याचा अधिकार कार्यालयाकडे होता. तिथे निखाडे बाबू बसतात. खिडकीही त्यांचीच. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. चष्म्याला दोरी आहे आणि टंकन एका बोटाने. राऊत सर त्यांच्या मागे उभे राहिले. बाबूंनी एकसष्टचे शहात्तर केले आणि रकाना रिकामा ठेवून बटण दाबले. पडद्यावर उत्तर आले: ‘कारण लिहिल्याशिवाय हजेरी बदलता येणार नाही. कृपया बदलाचे कारण निदान तीन शब्दांत लिहा.’ बाबूंनी एक टिंब टाकले. तेच उत्तर आले. राऊत सरांना बैठकीसाठी बोलावणे आले. जाता जाता ते म्हणाले, “अहो बाबू, काहीही लिहा आणि मोकळे व्हा.”

निखाडे बाबूंनी चष्मा पुसला आणि लिहिले: ‘सचिव साहेबांनी सांगितले म्हणून.’ सर्व्हरने ते स्वीकारले. नोंदीवर वेळ अकरा वाजून बारा मिनिटे आहे.

पावणेबाराला ती ओळ कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचली जात होती. बारा वाजता पंचाहत्तरच्या खालचे सातही जण राऊत सरांच्या दाराशी उभे होते. पुढच्याने अगदी नम्रपणे विचारले, “सर, आमच्यासाठी बी सांगा ना सचिव साहेबाले.”

प्राचार्यांनी निखाडे बाबूंना बोलावून विचारले, असे कसे लिहिले? बाबूंचे उत्तर बाहेरच्या शिपायाने ऐकले. “कारण इचारलं साहेब. मी कारण लिवलं.”

त्या दुपारी राऊत सर प्रयोगशाळेत आले. तास चालू होता.

“मॅडम, ती ओळ पुसा.”

“पुसायचं बटणच नाई सर.”

“तुम्ही बनवू शकता.”

“बनवू शकते,” मॅडम म्हणाल्या. “नाई बनवणार. दुरुस्ती करता येते. जुनी ओळ राहते, खाली नवी येते. तिले बी कारण लागते.”

राऊत सर निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने नवी नोंद झाली: शहात्तरचे पुन्हा एकसष्ट, कारण, ‘नजरचुकीने झालेला बदल रद्द.’ एप्रिलमध्ये आठही जणांसाठी जादा तास ठेवले गेले. भाचा आला. मॅडमनी त्याला पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसवले आणि फटीतून खोट्या चिठ्ठ्या पाठवल्या. दोन त्याने स्वीकारल्या. तिसरीपासून परत पाठवू लागला, कारण लिहून. तो सगळ्या तासांना आला आणि परीक्षेला बसला. “पोरगा वाईट नाई,” मॅडम मला म्हणाल्या. “त्याले आजवर कोणी नाई म्हटलंच नव्हतं.”

जुलैत यादी लागली.

मंगळवारी मॅडम अकरा वाजता खिडकीशी आल्या. निखाडे बाबूंनी प्रमाणपत्र बाहेर सरकवले. प्राचार्यांची सही होती, शिक्का होता, नऊ वर्षांच्या तारखा बरोबर होत्या. शेवटचा रकाना रिकामा होता. मॅडमनी कागद आत सरकवला.

“रकाना रिकामा आहे बाबू.”

“सारे असंच नेतात मॅडम.”

“मी नाई नेत.”

“काय लिवू मंग?”

“मले काऊन विचारता? ज्याले माहीत आहे त्याले विचारा.”

बाबू आत गेले. वीस मिनिटांनी परत आले. “साहेब म्हणतात, रकाना भरायची गरज नाई.”

“मंग तसं लिहून द्या. गरज नाई, असं.”

बाबूंनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. मॅडम समोरच्या बाकावर बसल्या. राऊत सर त्या बाजूने जाताना थांबले. “मॅडम, कशाला हा हट्ट?”

“हट्ट कायचा सर? रकाना तुमच्याच कागदावर छापून आहे.”

दुपारी खालच्या वर्गातल्या पाच-सहा विद्यार्थिनी आल्या. एक जण म्हणाली, “मॅडम, आम्ही बी बसतो तुमच्यासोबत.”

“तासाले जा,” मॅडम म्हणाल्या. “हजेरी कमी पडन त मी नाई आता इथं.”

साडेपाचला खिडकी बंद झाली. मॅडमनी बाबूंना सांगितले, “उद्या येते.”

बुधवारी त्या पुन्हा अकरा वाजता आल्या आणि त्याच बाकावर बसल्या. सोबत डबा होता. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांनी तो तिथेच खाल्ला. अहवाललेखनाचा माझा तास साडेतीनला संपला, तेव्हा मीही कार्यालयात गेलो. प्राचार्य दुपारनंतर बाहेरगावी गेले होते. राऊत सर आपल्या खोलीत होते.

चारच्या सुमारास निखाडे बाबूंनी ड्रॉवर उघडला. प्रमाणपत्र काढून टेबलावर सरळ केले. चष्मा पुसला.

“मॅडम,” त्यांनी खिडकीतून विचारले, “निदान तीन शब्द लागतात ना?”

“हो.”

बाबूंनी पेनने एक ओळ लिहिली, ती वाळेपर्यंत थांबले आणि कागद बाहेर सरकवला. “वाचून घेजा,” ते म्हणाले.

मॅडमनी प्रमाणपत्र वरून खालपर्यंत एकदा वाचले. शेवटच्या रकान्यात लिहिले होते: ‘सचिव साहेबांनी सांगितले म्हणून.’ सही आणि शिक्का मंगळवारचेच होते.

बाबूंनी पोचवही पुढे केली. मॅडमनी सही केली आणि खाली वेळ टाकली: चार वाजून दहा मिनिटे.